मास्तरांच्या पुस्तकांची खोली

मी सगळं आयुष्य शाळेत काढलं, पण वर्गाच्या बाहेर. तिसरीत असताना मास्तरांनी मला दाराबाहेर उभं केलं, ते मी परत आत गेलोच नाही. मोठा झालो, नोकरी लागली, ती पण शाळेत, अटेंडरची. बसायला जागा मिळाली ती दाराबाहेरच्या स्टुलावर. बायको म्हणते, "तुमची शिक्षा अजून संपली नाही हो." आता हिला काय सांगायचं, शिक्षेचा पगार मिळतो म्हणून घर चाललंय.

आमचे लोक मैसूरला कधी आले ते घरात कुणालाच ठाऊक नाही. घरी मराठी बोलतो. पण ती अशी मराठी की महाराष्ट्रातल्या माणसानं ऐकली तर त्याला वाटतं कन्नड चाललंय, आणि कन्नड माणसानं ऐकली तर त्याला वाटतं मला बरं नाही. शाळा सरस्वतीपुरमात. तिथं मराठीत बोलायला कुणी नव्हतं, त्यामुळं माझी अब्रू झाकलेली होती. मग लायब्ररीच्या मिस आल्या.

मिस महाराष्ट्रातल्या. नवऱ्याची नोकरी हेब्बाळच्या कंपनीत, म्हणून इकडं आलेल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला हाक मारली, "मामा, जरा इकडं येता का?"

मी मागं वळून बघितलं. मागं भिंत. इथं मला सगळे अण्णा म्हणतात, सेक्रेटरी सर 'एनप्पा', म्हणजे 'काय रे', म्हणतात, पोरं काय म्हणतात ते सांगण्यासारखं नाही. पण मामा?

मी म्हटलं, "मिस, मी तुमचा मामा कसा? तुमच्या लग्नात अंतरपाट धरायला तर मी आलो नव्हतो."

त्या हसल्या. "अहो, आमच्याकडं शाळेतल्या सगळ्या शिपायांना मामाच म्हणतात."

"अय्यो. मग तिकडं मामी लोकांचे फार हाल असतील."

तेव्हापासून आमचं जमलं. माझ्या विनोदाला त्या शाळेत दोनच जण हसायचे. एक मिस आणि दुसरा मी.

शाळेत वरच्या मजल्यावर, जिना संपतो तिथं, एक लहान खोली होती. पोरांची लायब्ररी खाली, मोठी. ही वरची खोली फक्त शिकवणाऱ्यांच्या पुस्तकांची. अपूर्णांक कसे शिकवायचे, वर्गात गप्प बसणाऱ्या पोराला बोलतं कसं करायचं, असली पुस्तकं. थोडी इंग्लिश, थोडी कन्नड. मी पुसायला जायचो तेवढंच. बाकी कुणी जिना चढायचं नाही. मास्तर लोकांचे गुडघे वर्गातच संपतात.

त्यांना वर्षाकाठी ट्रेनिंग करावं लागतं. शनिवारी दुपारी कुणीतरी बाहेरून यायचं, पडद्यावर चित्रं दाखवायचं, दिवे बंद. मग सगळे डुलायचे. शेवटी केसरीबात, म्हणजे आपला केशरी शिरा, आणि कॉफी. ती मी वाटायचो, उरलेली मीच खायचो. त्या ट्रेनिंगचं काही अंगाला लागलं असेल तर ते माझ्याच.

मग एका मीटिंगमध्ये सेक्रेटरी सर म्हणाले, ती वरची खोली सुम्मे, म्हणजे उगीच, पडून आहे. तिथं स्मार्ट क्लास करू. मिस उठून उभ्या राहिल्या. मी कॉफीचा ट्रे घेऊन दारातच होतो. त्या म्हणाल्या, "सर, मला दसऱ्यापर्यंत वेळ द्या. शिक्षक त्या खोलीत येतील." सर म्हणाले, "आले तर बघू." मिस बसल्या. मी कप पुढं केला, तो त्यांनी घेतला आणि न पिताच परत ट्रेत ठेवला. मला वाटलं, एका खोलीसाठी एवढं? मला काय कळतंय. मी ट्रे घेऊन पुढं गेलो.

नंतर त्यांनीच सांगितलं. त्या आधी गावाकडच्या शाळेत होत्या. पहिल्या वर्षी वर्ग ऐकेना, रोज रडत घरी जायच्या. नोकरी सोडणार होत्या. तिथल्या एका म्हाताऱ्या बाईंनी कपाटातून पुस्तक काढून दिलं, वाच म्हणाल्या, आणि वाचून झालं की मला सांग काय केलंस. "मामा, त्या कपाटामुळं मी शिक्षिका राहिले," असं म्हणाल्या. मी म्हटलं, "आमच्या तिसरीच्या मास्तरांना असलं कपाट मिळालं असतं तर मी पण आत राहिलो असतो." त्या हसल्या नाहीत. मला वाटलं माझी मराठी चुकली.

मग त्यांनी ते फोनातलं शोधून काढलं. इंटरनेटवर शाळेच्या पुस्तकांचं कपाट मांडायचं. कुठलं पुस्तक आहे, कशाबद्दल आहे, कुणाकडं गेलंय, सगळं दिसतं. मास्तरांनी घरी बसून बघायचं, हवं ते मागायचं, वर्गात करून बघायचं आणि पुस्तकाच्या नावाखाली दोन ओळी लिहायच्या, काय केलं, काय झालं. प्रिन्सिपल मेडमनी ते ट्रेनिंगमध्ये धरायचं कबूल केलं. डुलण्यापेक्षा बरं, म्हणून मास्तर लोकांनी पण मान डोलावली.

मिसच्या फोनचा कॅमेरा धुरकट. माझा फोन मुलीनं दिलेला, भारी. मी त्यात फक्त नातवाचे फोटो बघायचो आणि चुकून लोकांना फोन लावायचो. म्हणून काम माझ्या फोनावर सुरू झालं. पुस्तकाच्या मागं काळ्या रेघांचा चौकोन असतो, त्याच्यावर फोन धरायचा. टुक् वाजतं आणि पुस्तकाचं नाव फोनात येतं. चित्रासकट!

पहिलं टुक् वाजलं तसं मी पुस्तक उघडून बघितलं.

"काय बघताय मामा?"

"अक्षरं आहेत का गेली ते बघतोय. मला वाटलं आत ओढून घेतली."

"अहो, फक्त नाव गेलं. पुस्तक इथंच आहे."

"बरं झालं. नाहीतर मी कोरी पुस्तकं पुसत बसलो असतो."

जुन्या पुस्तकांना रेघा नव्हत्या, त्यांची नावं हातानं घालायची. कन्नड पुस्तक आलं की गंमत. मिसनी कन्नड अक्षरं नवीन शिकलेली, पण शब्द कळायचा नाही. मला शब्द कळायचा, पण अक्षरं लावेपर्यंत संध्याकाळ. त्या एकेक अक्षर म्हणायच्या, मी पुढचा शब्द ओरडायचो. दोघं मिळून एक माणूस वाचतोय असं चालायचं. खाली स्टाफरूममध्ये लोकांना वाटायचं वर भांडण लागलंय.

कपाटं पण मी लावली. माझी रीत साधी, उंच पुस्तकं मागं, बुटकी पुढं, शाळेच्या फोटोसारखी. मिसनी बघितलं आणि डोक्याला हात लावला. सगळं काढून परत विषयाप्रमाणं लावलं. मी म्हटलं, "पण मिस, आता गणिताच्या रांगेत ते बुटकं दिसतच नाही." मिस म्हणाल्या, "त्याला शोधणारे येतील मामा."

आणि खरंच आले. पहिली आली गणिताची मेडम, नवीन लागलेली, वयानं माझ्या मुलीएवढी. आठवीच्या पोरांनी तिला रडवलं होतं. पदरानं डोळे पुसत वर आली, बाथरूम समजून आली असेल. मिसनी काही विचारलं नाही. ते बुटकं पुस्तक काढलं, हातात दिलं. पुढच्या आठवड्यात फोनात त्या पुस्तकाखाली दोन ओळी आल्या. मिसनी मला वाचून दाखवल्या. आज फळ्यावर काही लिहिलं नाही, आधी पोरांनाच गणितं बनवायला सांगितली. दंगा झाला, पण गणिताचा झाला.

मिसनी त्या ओळी तीनदा वाचल्या. मला एकदाच कळल्या होत्या, पण मी तिन्ही वेळा मान हलवली.

मग सायन्सचे सर आले, हिंदीच्या मेडम आल्या. कुणी काय लिहिलंय ते बघून दुसरा मागायचा. शनिवारी दुपारी खोलीत खुर्च्या पुरेनात. माझं स्टूल पण आत गेलं. मी बाहेर उभा. म्हटलं, "मिस, तुमच्या ट्रेनिंगमुळं मी परत शिक्षेवर." सगळे हसले. केसरीबातऐवजी बोंडा आणला, कारण बोंडा एका हातानं खाता येतो, दुसऱ्या हातात पुस्तक. मिसचा चेहरा तेव्हा बघायला हवा होता.

दसरा आला. दसऱ्याच्या सुट्टीआधी शाळेत आयुध पूजा असते. बसना, कॉम्प्युटरना, माझ्या घंटेला सुद्धा हार, गंध, कुंकू. माझ्या डोक्यात आलं, वर मिसनी एवढं केलंय, त्या पुस्तकांना कोण विचारणार? गंधाची वाटी, कुंकवाचा करंडा घेऊन वर गेलो. पुढच्या बाजूला चित्रं, माणसांचे चेहरे. एवढ्या शिकलेल्या माणसांच्या गालाला कशाला कुंकू? म्हणून पुस्तकं उलटी केली. मागं बघितलं तर पांढरा चौकोन, त्यात फक्त काळ्या रेघा. कुंकू लावायला म्हणूनच जागा सोडल्यासारखी! मनापासून लावलं. ओलं गंध, वर कुंकू, अंगठ्यानं दाबून. हात दुखेपर्यंत लावत होतो. चामुंडी तायीला म्हटलं, ही खोली राहू दे. पुस्तकं पूजेत ठेवली म्हणून विजयादशमीपर्यंत कुणी हात लावला नाही, त्यामुळं कुणाला कळलं पण नाही.

सुट्टी संपली. सेक्रेटरी सर खोली बघायला आले. मागं प्रिन्सिपल मेडम, चारपाच मास्तर, सगळे वर. मिसनी सांगितलं कसं चालतं. शिक्षकांनी लिहिलेलं वाचून दाखवलं. मग म्हणाल्या, "सर, तुम्हीच एखादं पुस्तक काढा. ते कुणी वापरलं, काय केलं, लगेच दिसेल. मामा, धरा फोन."

सरांनी पुस्तक काढलं. मी फोन धरला. टुक् नाही. जवळ धरला. नाही. लांब धरला. नाही. सर म्हणाले, "एनप्पा, झोपला का तुझा फोन?" दुसरं काढलं. त्याच्यावर पण माझाच अंगठा. मिसनी पुस्तक हातात घेऊन मागची बाजू बघितली, मग माझ्याकडं बघितलं. मी छताकडं बघितलं.

"मामा, हे काय?"

"पूजा, मिस."

"सगळ्यांना?"

"हात दुखेपर्यंत."

हिंदीच्या मेडम तोंडाला पदर लावून हसत होत्या. मिसनी रुमाल ओला करून चोळलं, तर सगळा चौकोन गुलाबी झाला. शेवटी गणिताच्या मेडमनी आपल्या पिशवीतून ते बुटकं पुस्तक काढलं. ते त्यांच्या घरी होतं म्हणून पूजेतून सुटलेलं. टुक्! फोनात नाव आलं, चित्र आलं, खाली त्यांच्या ओळी आल्या. सर चष्मा लावून वाचत राहिले. खरंच वाचत होते. 

सर खूश झाले. मिसना कळेल अशा सोप्या कन्नडमध्ये म्हणाले, "फार छान काम केलंत मिस. म्हणजे सगळी पुस्तकं ह्यात आली?"

"हो सर, एकूण एक."

"मग आता ही खोली रिकामी करायला हरकत नाही."

मी हसलो. मोठ्यानं हसलो. मला वाटलं सरांनी जोक केला. पहिल्या दिवशी मी केला होता तोच, अक्षरं आत ओढून घेतल्याचा. मी हसलो म्हणून सायन्सचे सर पण थोडं हसले. मग बघितलं तर सर हसत नव्हते. मिस पण नव्हत्या.

मिस म्हणाल्या, "सर, ह्यात फक्त नावं आहेत. पुस्तकं इथं आहेत. ती हातात घ्यावी लागतात."

"हल्ली सगळं फोनातच मिळतं मिस. आणि स्मार्ट बोर्ड सांगून झालेत. पुढच्या आठवड्यात येतील." आवाज चढवला नाही. उलट मिसच्या पाठीवरून हात फिरवल्यासारखं बोलले. "ही पुस्तकं एखाद्या खेड्यातल्या शाळेला देऊ. त्यांच्या कामाला येतील. फोनातलं राहू दे. इन्स्पेक्शनला दाखवायला चांगलं आहे."

मास्तर लोक खाली बघत होते. गणिताच्या मेडमनी ते पुस्तक परत पिशवीत घातलं, हळूच, कुणी मागेल अशा भीतीनं. सगळे जिना उतरले. मिस आणि मी राहिलो. मला काहीतरी बोलायचं होतं. तोंड उघडलं तर निघालं काय, "मिस, बोंडा सांगू का?" त्यांनी मान हलवली. नको म्हणून का सांगा म्हणून ते मला कळलं नाही. मी आणला. तो तसाच गार झाला.

पुस्तकं पोत्यात भरताना मिस एकेक पुसून देत होत्या. मी म्हटलं, "मिस, फोनातलं पण पुसून टाका सगळं. जाऊ दे."

"नको मामा. त्यांनी लिहिलेलं कसं पुसू?" मग थोड्या वेळानं म्हणाल्या, "पण इथं आहे असं दाखवून पण चालणार नाही. कुणीतरी जिना चढून येईल आणि बोर्डाकडं बघून परत जाईल. पुस्तक जिथं असेल ती जागा लिहायला हवी. तुम्ही पोचवायला चाललाय ना? नीट बघून या. कपाट कुठलं, कसं ठेवलंय. मी तसं बदलते."

त्यांना स्वतःला यायचं होतं. पण त्या दिवशी परीक्षेची ड्यूटी लावलेली. मी माल घेऊन लगेज ऑटोत पुढं बसलो. सोसलेच्या पुढं एक खेडं, तिथली सरकारी शाळा. वाटेभर मागं पोती एकमेकांवर आपटत होती आणि ऑटोवाला विचारत होता, तांदूळ आहे काय? मी म्हटलं, नाही, मास्तरांचा खुराक आहे. त्याला कळलं नाही. मला पण हसू आलं नाही.

शाळा म्हणजे दोन खोल्या. मास्तर एकटेच, भला माणूस. मला खुर्ची दिली, ताक दिलं. पोती बघून त्यांनी हात जोडले, मग कानाला खाज सुटल्यासारखं करून म्हणाले, "अण्णा, कपाट नाही हो आमच्याकडं. एका खोलीत चार वर्ग बसतात. दुसऱ्या खोलीत पोरांच्या जेवणाचं सामान. तिथं ठेवू सध्या." आम्ही दोघांनी पोती ओढत नेली. तांदळाच्या पोत्यांवर ठेवली, जमिनीला ओल आहे म्हणून. एक पोतं उसवलं, त्यातून पाचसहा पुस्तकं सांडली. मास्तरांनी उचलून वर ठेवली. ती इंग्लिश होती. त्यांनी एक उघडलं, थोडं बघितलं, बंद केलं. "इंग्लिश मला जमत नाही अण्णा," म्हणाले. "माझं पण तसंच," मी म्हटलं.  सैपाकाची बाई आली आणि तांदूळ कुठून काढू म्हणून विचारायला लागली.

मैसूरला परत आलो तेव्हा शाळा सुटली होती. वरच्या खोलीत बोर्ड लावणारे लोक भिंतीला भोकं पाडत होते, आवाज खालपर्यंत येत होता. मिस माझ्या स्टुलावर बसल्या होत्या. पर्स मांडीवर, घरी जायला तयार, पण थांबलेल्या. मला बघून उठल्या आणि फोन मागितला. मी दिला.

"पोचली सगळी?"

"पोचली मिस."

"कपाट आहे ना?"

मी म्हटलं, "आहे की. लोखंडी."

"काच आहे?"

"आहे, मोठी काच. आतलं सगळं दिसतं."

त्या फोनात घालत होत्या. मी बघत होतो. त्यांचं बोट जरा जरा थांबायचं.

"कुलूप लावून ठेवत नाहीत ना? कुलूप लावलं की कुणी मागत नाही."

"कुलूप आहे, पण किल्ली मास्तरांच्या खिशात. मागितली की लगेच देतात. फार भला माणूस आहे." हे शेवटचं खोटं नव्हतं.

"तिथले शिक्षक वाचतील असं वाटतंय तुम्हाला?"

"मी असतानाच एक उघडलं त्यांनी."

मिसच्या चेहऱ्यावर हसू आलं. किती तरी दिवसांनी. फोन मला परत देताना म्हणाल्या, "मग एखाद्या शनिवारी आपण सगळे जाऊ या तिकडं. गणिताच्या मेडम, हिंदीच्या, सगळे. ट्रेनिंग म्हणून. तिथंच बसून वाचू. बस जाते ना हो मामा?"

"जाते की मिस," मी म्हटलं. "सोसलेपर्यंत जाते. पुढं थोडं चालायचं."

"चालू की," त्या म्हणाल्या, आणि स्कूटर काढायला गेल्या.